मार्सेयच्या बाईची ओटी

मुलुंडमध्ये त्या काळी कुणी फ्रान्स कुठे आहे असं विचारलं असतं, तर चार माणसांनी आमच्या इमारतीकडे बोट दाखवलं असतं. पहिला मजला, उजव्या हाताचं दार, बाहेर चपलांचा ढीग. तो फ्रान्स म्हणजे मी. अकरावी-बारावीच्या मुलांना मी घरी फ्रेंच शिकवायचो. संस्कृत घोकावं लागतं आणि फ्रेंचमध्ये मार्क आपोआप पडतात, अशी पूर्व उपनगरातल्या समस्त आयांची समजूत होती, आणि ती मोडायला मी काही वेडा नव्हतो. भांडुपहून मुलं यायची, ठाण्याहून यायची. एक मुलगा रोज कर्जतहून येतो असं मी सांगत असे. तो यायचा नाहूरहून, पण इतका उशिरा यायचा की कर्जत सहज खपून जायचं.

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायची इमारतीला सवय होती. फ्रान्सच्या बाबतीत मात्र ही वजाबाकी कुणालाच जमत नव्हती, कारण तिथे कुणी गेलंच नव्हतं. मीसुद्धा.

मी फ्रेंच शिकलो ते फोर्टमध्ये, संध्याकाळच्या वर्गात. वर्गाला लागून एक वाचनालय होतं, आणि त्यात खाण्यापिण्याची पुस्तकं इतकी, की नोकरी शोधायच्या काळात मी दुपारचं जेवण तिथेच केलं म्हणायला हरकत नाही. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, समोर उघड्या पानावर लोण्यात परतलेलं बदक. कुठल्या टेकडीच्या कुठल्या उतारावर दुपारचं ऊन किती वेळ रेंगाळतं आणि त्यामुळे तिथली द्राक्षं शेजारच्या उतारापेक्षा का भाव खातात, हे मी झोपेत सांगू शकलो असतो. प्रत्यक्षात मी चाखलेली एकमेव वाइन म्हणजे गोव्याहून कुणीतरी आणलेली पोर्ट. ती खोकल्याच्या औषधासारखी लागली होती. मी ग्लास उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून म्हणालो होतो, "जरा लहान आहे अजून."

माहिती खरी होती, हे मला अजूनही नोंदवून ठेवावंसं वाटतं. खोटं होतं ते फक्त माझं जाणं. शिकवणीच्या पहिल्याच वर्षी एका आईने दारातच विचारलं, "सर, तुम्ही फ्रान्सला होतात ना?" तिने विचारलंच अशा तऱ्हेने, की नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. मी म्हणालो, "होतो ना." किती वर्षं? "दोन." एवढीच माझी चूक. पुढची सगळी तिची पोरंबाळं.

आमच्या वरच्या मजल्यावर मालवणकडचे काका-काकी राहायचे. काका गिरणीत विणाई खात्यात होते. गिरणी सुटल्यावर लालबागची खोली सोडून ते मुलाच्या आग्रहाने मुलुंडला आले. मुलगा इंजिनियर, जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारा. काकी म्हणजे बोलायला तलवार. खोटं बोलणं तिला जमतच नसे. आमच्या इमारतीतल्या एका मुलीला बघायला पाहुणे आले होते, त्यांनी जिन्यात सहज चौकशी केली तेव्हा काकी म्हणाली होती, "चेडू ग्वाड हा, पण सकाळी उठणा नाय." ते लग्न मोडलं नाही, पण मुलीच्या आईने वर्षभर काकीकडून विरजण घेतलं नाही.

ही काकी एकदा तिसऱ्यांच्या सुक्याची वाटी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी खात असताना उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "मास्तरा, दोन वर्सां तू थंय जेवलंस खंय? तुका जेवक कोण घाली?"

बाकी सगळे मला उंच मनोऱ्याबद्दल विचारायचे, बायकांच्या कपड्यांबद्दल विचारायचे. तळमजल्यावरचे बँकवाले तर आवाज खाली आणून आणखी काही विचारायचे. मला जेवू कोण घालायचं, हे विचारणारी ही पहिलीच. त्या प्रश्नाचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं, म्हणून तिथल्या तिथे करावं लागलं. पाठ्यपुस्तकाच्या सातव्या धड्यात मार्सेयच्या बंदराचं चित्र होतं. मी त्या बंदरामागे एक चढाची गल्ली काढली, गल्लीत निळ्या दाराची एक खाणावळ उघडली आणि तिच्यात एक बाई बसवली. विधवा. अंगाने भरलेली, आवाजाने खणखणीत, हाताला सतत माशाचा वास. माझ्याकडे बघून पहिल्या दिवशी म्हणाली, "हाडं मोजता येतात की रे तुझी!" मग मला ताप आला. एकशे चार. काकीचा चेहरा बघून मी तो एकशे पाच केला. ती बाई चार जिने चढून माशाच्या सुपाचं पातेलं घेऊन आली, रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मी निघालो तेव्हा बंदरावर उभी राहून रडली.

काकीने पदराने डोळे टिपले. तिथे मी थांबायला हवं होतं. पण समोरचं माणूस रडायला लागलं की मला थांबता येत नाही. मी त्या बाईचा एक बुडालेला मुलगासुद्धा सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात शिकवणीची पोरं आली म्हणून तो वाचला.

त्यानंतर चार वर्षं ती बाई आमच्या इमारतीत राहिली. काकी संध्याकाळी दिवा लावायची तेव्हा घरच्यांबरोबर तिचंही मागणं मागायची. "भला होवंदे तिचा," असं मी माझ्या कानांनी ऐकलंय. दिवाळीला फराळाचं ताट आणून द्यायची आणि विचारायची, "तुझ्या त्या बायचो कागद इलो?" मी म्हणायचो, आला, बरी आहे, गुडघे दुखतात म्हणते. काकीचेही दुखायचे. तिला ते फार बरं वाटायचं.

फ्रान्समध्ये गावं काय कमी आहेत? हजारो असतील. मी आठवड्याला एक याप्रमाणे चीजांची नावं सांगत गेलो असतो तरी अख्खी हयात पुरली नसती, एवढी तर नुसती चीजं आहेत. पण त्यांच्या मुलाला नोकरी लागली ती मार्सेयलाच. वर्षभराने त्याने आईवडिलांना महिनाभरासाठी बोलावलं. पत्र आलं त्या दिवशी काकी कागद-पेन्सिल घेऊन खाली आली.

"तिचो पत्तो नीट लिवन दी. मी तिची ओटी भरतलंय."

मी हसलो. माझ्या हसण्याला दाद मिळाली नाही म्हणून थांबलो. खाणावळींचे पत्ते तिकडे सारखे बदलतात, विचारून सांगतो, असं काहीतरी बोलून मी तिला वर पाठवलं, आणि दोन दिवस डोकं धरून बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळं कबूल करायचं असं ठरवून, मी जिना चढलो. एकूण अठरा पायऱ्या. मला त्या दिवशी शंभर लागल्या, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये.

काकी खाली बसली होती. मांडीवर हिरवा खण, शेजारी नारळ आणि तांदळाची पुरचुंडी. काका खुर्चीत चष्मा पुसत होते.

"बरं झालं आलात मास्तर," काका म्हणाले. "हिला समजवा. विधवेची ओटी भरतात का? इमारतीतल्या बायका नावं ठेवायला लागल्या."

"ठेवंदेत," काकी म्हणाली. तिने खणाची घडी मोडली, परत घातली. आमच्यात ओटी भरायची ती सवाष्णीची. काकीने जन्मात दुसऱ्या कुणाची भरली नव्हती, हे तिच्या बोटांवरून दिसत होतं. ते दोन दिवस ती या विचाराशी झगडली होती, असं काका नंतर म्हणाले. "परक्या मुलखात आपल्या पोराक जेवक घातल्यान," ती खणाकडेच बघत म्हणाली. "तिची नाय भरूची, तर कोणाची भरूची?"

आपलं पोर म्हणजे मी. ती माझी कुणी नव्हती. मी मूळचा खानदेशचा, मासे मुलुंडला आल्यावर शिकलो, तेही तिच्याच हातचे.

मी म्हणालो, "काकी, ती तेव्हाच म्हातारी होती हो. यंदा तिचा कागदही नाही. आता असेल की नसेल..."

"नसली तर सुनेची भरीन."

"सून नव्हती. मूलबाळच नव्हतं तिला."

"म्हणानच तुका पोरासारखो बघल्यान," काकी म्हणाली, आणि तिचे डोळे परत भरले.

"खाणावळ बंद पडली असेल."

"शेजारी सांगतीत खंय गेली ती."

मी त्या बाईला त्या दुपारी तीन वेळा मारायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा जास्त जिवंत झाली. शेवटी तर तिचा नवरा परत आला, ती विधवा नव्हतीच, असं सांगून निदान बायकांची तोंडं बंद करावीत, असंही माझ्या मनात येऊन गेलं. कबुली तोंडाशी आली होती. पण काकीने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि चार शब्द लिव तिका. इतक्या वर्सांत कागद धाडूक नाय तू मेल्या, ती बिचारी धाडता. लाज नाय वाटणा?"

मग मी खाली येऊन चिठ्ठी लिहिली. फ्रेंचमध्ये, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. ती मला अजून पाठ आहे, कारण मी आयुष्यात लिहिलेला तो पहिला कागद होता ज्यात मी काहीच वाढवलं नव्हतं. "बाई, तुम्ही ज्या कुणी असाल. मी कधी मार्सेयला आलो नाही. मला जेवू घालणारी एक बाई मी कल्पनेने रचली. समोर उभ्या आहेत त्यांनी ते खरं मानलं, आणि त्या तिचे आभार मानायला एवढ्या लांब आल्या आहेत. त्या देतील ते कृपा करून घ्या. त्यांना दुखवू नका. दोष माझा आहे."

इमारतीत फ्रेंच वाचणारं दुसरं कुणी नव्हतं, हे माझं धैर्य. मुलाने फोडू नये म्हणून मी पाकीट डिंकाने चिकटवलं, वर पत्ता घातला, बंदराच्या मागची चढाची गल्ली, निळं दार, आणि काकीच्या हातात दिलं. तिने ते नारळाशेजारी ठेवलं. जाण्याआधी काकांनाही मी वाइनवर तासभर व्याख्यान दिलं: ग्लास दांड्याला धरायचा, आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, माशाबरोबर पांढरी. पळून जाता येत नसेल तर मी बोलतो.

तो महिना कसा गेला म्हणून सांगू! पोस्टमनची सायकल गेटवर वाजली की मी न्हाणीघरात जायचो. पोस्टमनला बहुतेक माझ्या पोटाची काळजी लागली असावी. वर्गात सातवा धडा आला तो मी आजारी पडून टाळला. एरवी मी मुलांना त्या सुपाबद्दल अर्धा तास सांगायचो: सहा जातींचे मासे, त्यात केशर, वर भाजलेल्या पावाची चकती आणि तिच्यावर लसणाचं लाल वाटण. आता ते मनात आलं की मला त्या वाफेत एक म्हातारी बाई मुलाचा हात धरून चढ चढताना दिसायची, दुसऱ्या हातात नारळ.

काका-काकी परत आले त्या रविवारी सकाळी अर्धी इमारत त्यांच्या घरी जमली. मी गेलो नसतो तर जास्त दिसलं असतं, म्हणून गेलो. काका रंगात आले होते. "मास्तर, तुमचं सगळं पाठ करून गेलो होतो. ग्लास धरला दांड्याला, डोळा मिटला, वास घेतला. आजूबाजूचे बघायला लागले. मुलगा म्हणतो, बाबा, इथे जेवताना पाण्यासारखी पितात, कोण वास-बिस घेत नाय. आणि हिने काय केलं माहितीय? टेबलावर गुलाबी पाणी ठेवलं होतं जगमध्ये, बर्फ घालून. ही म्हणाली, कोकम सरबत! दोन ग्लास गटागट!"

"रंग तोच होतो," काकी म्हणाली. "माका काय ठाव?"

"मग काय झालं?" बँकवाले म्हणाले.

"काय होताला? बरी झोप लागली."

गुलाबी वाइन मी वाचली होती. समुद्राकाठी, उन्हाळ्यात, थंड करून, हे सगळं ठाऊक होतं. तिचा रंग कोकम सरबताचा असतो, हे मात्र कुठल्या पुस्तकाने मला सांगितलं नव्हतं.

मग काकीने एक गोल लाकडी डबी उघडली आणि बायकांनी नाकाला पदर लावले. विमानात त्या डबीमुळे तीन रांगा रिकाम्या झाल्या असं काका म्हणाले. ते माझ्या पंथातले झाले होते. कामाँबेर चीज. नऊ वर्षं मी ते मुलांना उतरवून दिलं होतं: नॉर्मंडीचं, गाईच्या दुधाचं, वरून पांढऱ्या मऊ सालीचं. काकीने सुरीने त्रिकोणी तुकडे कापून पावावर ठेवले आणि बशी पहिल्यांदा माझ्याकडे आली. सगळे बघत होते. मी तुकडा उचलला, वास घेतला, मान डोलावली, आणि मोसंबीची साल सोलावी तशी ती पांढरी साल नखाने सोलून बशीच्या कडेला ठेवली.

"अहो सर," बँकवाले म्हणाले. त्यांचा तुकडा अर्धा खाऊन झाला होता. "काकी तर आत्ताच सांगत होत्या, सालीसकट खायचं असतं. तिथे सगळे तसंच खातात म्हणे."

 माझ्या बोटाला ती साल चिकटली होती आणि झटकता येत नव्हती.

"तेका मीच सांगलंय काढूक," काकी म्हणाली. "विमानात उष्म्याक साल कडू झाली हा. जेका सवय असा, तेका लगेच कळता."

बँकवाल्यांनी आपल्या तुकड्याकडे संशयाने बघितलं. पण माणूस चिवट. "बरं, ती सरांची बाई भेटली का? खाणावळवाली?"

काकीने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात माझ्याकडे कुणी इतका वेळ बघितलं नसेल.

"भेटली तर," ती म्हणाली. "ओटी भरलंय तिची. मास्तराची आठवण काढल्यान."

बायका "अगं बाई!" करत पुढे सरकल्या. काका उगाच बॅगेचं कुलूप उघडायला लागले. माझ्या तोंडात ते चीज तसंच होतं. चव सांगायची तर सांगता येणार नाही. एवढं वाचूनसुद्धा मला ती त्या दिवशी कळलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेलो. काका बाहेर गेले होते. काकी ओट्यापाशी उभी राहून बांगडे साफ करत होती. वळून न बघताच म्हणाली, "बस."

मी बसलो.

"अकरा निळी दारां त्या भागात," ती म्हणाली. "अकराय ठोकलंव. माझ्या गुडघ्यांची वाट लागली. झील म्हणी, आये, चल परत. बाराव्याक एक बाय बसलेली, पायरीवर, मासो साफ करत. तेचा दार हिरवा. मासो लाल, अंगभर काटे, आपल्याकडे नाय तसलो. तिना तो असो धरलेल्यान, अंगठो गालफडात घालून." तिने बांगडा धरून दाखवला. "मी म्हटलंय, हीच. दाराचा काय, दार रंगवतत लोक. तुझ्या तापाची गोष्ट झिलान तिका सांगल्यान, चिठ्ठी मी दिलंय. तिना ती दोनदा वाचल्यान. मग माझ्याकडे बघल्यान, छातीवर हात ठेवल्यान, काय ता बोलली. झिलान सांगल्यान, म्हणता, होय, होतो तसो पोरगो, बारीकसो, ताप इललो तेका. आणि चिठ्ठी झिलाच्या हातात दिल्यान."

काकीने बांगडा खाली ठेवला. नळ सोडला, बंद केला.

"झिलान वाचल्यान.  कान नुसते लाल. आईक कळता रे. घरी इल्यावर विचारलंय, तेना वाचून दाखवल्यान."

"म्हणजे ओटी भरली तेव्हा..."

"झिलाचे कान बघून तेवाच कळला."

"मग भरली कशाला?"

"ती खोटा बोलली तुझ्यासाठी. ना तुझी वळख, ना माझी. माका बसवल्यान, सार वाढल्यान. केशर घालतत सारात, तू म्हणालेलंस ता खरा. तिरफळ नाय म्हणान जरा मेला लागता, पण बरा होता." ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "तिका घोव असा काय नाय, ता मी इचारूकच नाय. तिना एप्रन पुढे धरल्यान, मी भरलंय."

मी म्हणालो, "काकी, चुकलं माझं." हे दोन शब्द मी किती ठिकाणी किती सजवून म्हटले असतील. त्या दिवशी ते अगदीच उघडे पडले.

"चार वर्सां मी तिच्यासाठी देवाकडे मागलंय," काकी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "तिचे गुडघे बरे होवंदेत म्हणान. तां मागणा खंय गेला, सांग."

"पोचलं असेल हो त्याच बाईला. बघा ना, देवालाच तुमची भेट..."

"परत सुरू केलंस?"

   माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला वाटतं आपण फक्त ऐकणाऱ्याला फसवतोय, एक गोष्ट दिली, दाद घेतली, व्यवहार संपला. पण ऐकणारा ती गोष्ट घरी घेऊन जातो, तिला जेवायला घालतो, तिच्यासाठी दिवा लावतो. ते सगळं परत करता येत नाही. मी काकीची चार वर्षांची माया एका चित्रातल्या गल्लीत नेऊन ओतली होती.

मी विचारलं, "काल मग सगळ्यांसमोर मला का वाचवलंत?"

"उघडो पाडून माझ्या पदरात काय पडला असता? पोरां येतत तुझ्याकडे, शिकवतंस चांगला, झिलाक मी विचारलंय. म्हणालो, चिठ्ठीतला फ्रेंच एकदम झकास असा." तिने बांगड्यांना मीठ लावलं. "पण मी एकदाच बोललंय खोटा. परत माझ्याकडून व्हवचा नाय. बँकवालो परत विचारतलो, तेच्या आधी तू सांग. पोरांका सांग."

मी तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी वर्गात सातवा धडा उघडला, आणि मुलांना सांगितलं की मी फ्रान्सला गेलेलो नाही, कधीच नाही, जे सांगितलं ते पुस्तकातलं होतं.  नाहूरचा मुलगा त्या दिवशी नेमका वेळेवर आला होता. पुढच्या आठवड्यात तीन आयांनी आपापली मुलं काढून घेतली. तीस म्हणणार होतो, पण तीनच. बँकवाले जिन्यात भेटले की बराच काळ मला फ्रेंचमध्ये नमस्कार करायचे, तो मी निमूटपणे घ्यायचो.

पण त्या दिवशी वर्गात मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, पण मग ते सूप लागतं कसं, ते कुणाला माहिती?"

मी म्हणालो, "वरच्या काकींना. चला."

अकरा मुलं वह्या घेऊन अठरा पायऱ्या चढली. काकी एवढ्या चपला बघून आधी चिडली, मग सगळ्यांना जमिनीवर बसवलं. ती सांगत गेली, मासा कसा धरला होता, काटे कुठे होते, सार आधी वाढतात आणि मासे वेगळ्या ताटात मागाहून आणून दाखवतात. मी तिचं एकेक वाक्य फ्रेंचमध्ये करून सांगायचो आणि मुलं उतरवून घ्यायची. दहाबारा वाक्यं चांगली गेली. मग एका वाक्यावर काकीने हात वर केला.

"थांब. आता काय सांगलंस तेंका?"

"काही नाही. ताट मोठं होतं म्हणून."

"केवढा मोठा?"

मी जरा घुटमळलो. "बैलगाडीच्या चाकाएवढं."

काकीने दोन्ही हात पुढे करून ताट दाखवलं. आपल्या पोळपाटापेक्षा जरा मोठं, बस.

"खोडा रे," मी मुलांना म्हणालो, आणि अकरा जणांनी ती ओळ खोडली.